खोटी नाणी, खणखणीत पाती

भांडुप स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून एलबीएस मार्ग ओलांडला की टेंभीपाडा, तुळशेतपाडा असा चढ लागतो. डोंगराच्या अंगाने वर गेलेल्या या वस्तीत माझं लहानपण गेलं. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी पाण्याचा हंडा घेऊन आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. रात्री त्या गल्लीत मोजून तीन दिवे असत. दिव्याखाली उजेडाचा एक तुकडा, मग दहा-बारा पावलं काळोख, मग पुन्हा उजेड. दुसऱ्या पाळीवरून परतणारा माणूस दिव्याखाली पुरा दिसायचा, काळोखात शिरला की नुसता चपलांचा आवाज उरायचा, आणि पुढच्या दिव्याखाली आधी खांदा उगवायचा, मग चेहरा. बाबा येताहेत हे आम्हाला चेहरा दिसायच्या आधीच कळायचं, त्या मधल्या काळोखातल्या पावलांवरून.

ही गल्ली मला कित्येक वर्षांनी पुन्हा भेटली ती एका कोरियन चित्रपटात. ली म्योंग-से या दिग्दर्शकाचा २००५ सालचा ‘ड्युएलिस्ट’. त्याचं कोरियन नाव ‘ह्योंगसा’, म्हणजे तपासाचं काम करणारा पोलीस. चित्रपटाच्या मध्यावर रात्रीची एक गल्ली येते. दोन्ही बाजूंना भिंती. अर्धी वाट चांदण्यात, अर्धी सावलीत. तिथे एक तरुण आणि एक तरुणी तलवारी उपसून एकमेकांसमोर उभी राहतात आणि पुढची काही मिनिटं तोंडाने फारसं काही न बोलता एकमेकांशी सगळं बोलतात.

या चित्रपटाबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं किंवा सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच: दिसायला देखणा, पण गोष्टीत दम नाही. मी तो तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा हे म्हणणं मला पटलं. तरीही तो डोक्यातून जाईना. मग हळूहळू ध्यानात आलं की या चित्रपटात दोन गोष्टी आहेत. एक तोंडाने सांगितलेली, दुसरी अंगाने सांगितलेली. पहिली लंगडी आहे. दुसरी मात्र पायापासून माथ्यापर्यंत धडधाकट आहे, आणि आपली नजर पहिलीत अडकली तर ती दिसतच नाही.

आधी ती पहिली गोष्ट सांगून टाकते. काळ जोसोन राजवटीचा. बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आहे आणि राज्याचा कारभार डळमळू लागला आहे. नामसून ही सरकारी चौकीतली ‘दामो’. या शब्दाचा सरळ अर्थ चहा देणारी बाई. कचेरीत हलकीसलकी कामं करणाऱ्या या बायका. पण परक्या पुरुषाने बायकांच्या दालनात जायचं नाही अशी रीत असल्यामुळे तिथली झडती आणि चौकशी त्यांच्याकडे येई. आपली नामसून रांगडी आहे, तोंडाळ आहे, दोन हातांत दोन आखूड तलवारी घेऊन धावणारी आहे. आन नावाचे तिचे वरिष्ठ तिच्या बापाच्या जागी. नाण्यांचा माग काढत दोघं युद्धखात्याच्या मंत्र्याच्या वाड्यापर्यंत पोचतात. या मंत्र्याच्या पदरी एक तरुण मारेकरी आहे. त्याला नावच नाही. चित्रपट त्याला ‘उदास डोळे’ एवढंच म्हणतो. ती शिपाई, तो गुन्हेगार. ती त्याच्या मागावर निघते आणि माग काढता काढता त्याच्यातच गुंतत जाते.

मूळ कल्पना बांग हाक-गी यांच्या चित्रकथेची. त्याच चित्रकथेवरून २००३ साली कोरियन दूरचित्रवाणीवर ‘दामो’ ही मालिका झाली होती आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली होती. मालिकेतली आणि चित्रपटातली नायिका एकच, हा जी-वोन. त्यामुळे चित्रपट आला तेव्हा लोक एका भरगच्च गोष्टीची अपेक्षा घेऊन गेले असणार. ली म्योंग-से यांनी त्या गोष्टीतला जवळजवळ सगळा गर काढून बाजूला ठेवला आणि फक्त साल, रंग आणि वास ठेवला. तिकीटबारीवर चित्रपटाने अपेक्षेइतकी मजल मारली नाही. मात्र तो पुन्हा पुन्हा जाऊन पाहणारा एक निष्ठावान प्रेक्षक त्याला मिळाला, तो आजही आहे.

दिग्दर्शकाला गोष्ट सांगणं जमलं नाही म्हणून हे घडलं, असं म्हणता येत नाही. ली म्योंग-से १९८९ पासून चित्रपट करत होते. १९९९ चा त्यांचा ‘नोव्हेअर टू हाइड’ हा पोलीस आणि खुनी यांच्या पाठलागाचा चित्रपट. त्यातही कथा एका ओळीत मावेल एवढीच, आणि तरी पावसातली मारामारी, पायऱ्यांवरचा खून, थिजलेली चौकट यांनी तो आजही लोकांच्या ध्यानात आहे. म्हणजे गोष्ट बारीक ठेवून हालचाल मोठी करणं हा त्यांचा जुना छंद. ‘ड्युएलिस्ट’मध्ये त्यांनी तो टोकाला नेला.

आता बाजाराचा प्रसंग पाहू, कारण चित्रपट कसा बघायचा हे तिथेच शिकवलं जातं. गजबजलेला बाजार. रंगीत कापडं, माणसांची खेचाखेच, मधोमध मुखवटा घालून तलवारीचा नाच करणारा एक खेळिया. गर्दीत वेशांतर करून पेरलेले शिपाई. एकाएकी गोंधळ उडतो, खोटी नाणी रस्त्यावर सांडतात आणि सगळा बाजार त्यांवर तुटून पडतो. नाण्यांचा साचा या हातातून त्या हातात जातो आणि त्याच्या मागे माणसं अशी झेपावतात की मैदानातला चेंडूचा खेळ वाटावा. दिग्दर्शक इथे काळाला रबरासारखा ताणतो. कधी हालचाल मंद होते, कधी एकदम धावते, कधी चौकट क्षणभर थिजते. भांडणाचा आवाज मधेच विरतो आणि नुसता ताल उरतो. पाहता पाहता आपल्या ध्यानात येतं की हा गोंधळ बसवलेला आहे. प्रत्येक धक्का मात्रेवर पडतो आहे.

इथे नाण्यांबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे त्या साच्यामागे सगळे एवढे का धावतात ते कळेल. आपली शिवराई घणाचा ठोका घालून पाडलेली. तांब्याच्या चकतीवर वरून ठसा मारायचा. कोरियातली ‘सांगप्योंग तोंगबो’ ही नाणी, जी १६७८ पासून देशभर चालू झाली, ती ओतीव. साच्यात एका दांडीला दोन्हीकडे नाणी लागलेली असत, वितळलेला धातू ओतला की फांदीला पानं फुटावीत तशी ती बाहेर येत आणि मग एकेक तोडून घ्यायची. म्हणून त्यांना लोक ‘योपजोन’ म्हणत, म्हणजे पानपैसा. गोल नाणं आणि मधे चौकोनी भोक, दोरीत ओवायला. ज्याच्या हाती साचा, त्याच्या हाती पैशाचं झाड. बाजारातल्या त्या झोंबाझोंबीत हे सगळं शब्दाविना येतं. महागाईची भाषणं पुढे कितीतरी होतात, पण खोट्या नाण्याने माणसाचं काय होतं हे मला तिथे एकदाच दिसलं: मघापर्यंत एकमेकांशी घासाघीस करणारी शहाणीसुरती माणसं जमिनीवर लोळण घेताहेत.

आणि याच गर्दीत नामसूनला त्या मुखवट्याआडचे डोळे दिसतात. पुढचा सगळा चित्रपट त्या एका दृष्टादृष्टीतून निघालेला आहे.

डोळ्यांवर चित्रपट उभा करणं आपल्याला नवं नाही. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये, १९३४ साली, व्ही. शांताराम यांनी राजगुरूच्या डोळ्याने सगळा पडदा भरून टाकला होता. हिंदी आवृत्तीतले चंद्रमोहन तर पुढे जन्मभर डोळ्यांसाठीच ओळखले गेले. तो डोळा धाक घालणारा होता. कांग दोंग-वोनने रंगवलेल्या मारेकऱ्याचे डोळे नेमके उलट काम करतात. तो माणसं मारतो, पण त्याच्या नजरेत मारण्याचा आवेश कुठेच नाही. तिथे आहे ते थकलेलं कुतूहल, जणू आपल्याला कोणीतरी नावाने हाक मारावी याची तो वाट पाहतो आहे आणि त्याला नावच नाही. संवाद त्याला अगदी थोडे. केस मोकळे, चाल सावकाश, खांदे सैल. त्याच्यासमोर हा जी-वोनची नामसून म्हणजे सतत उकळतं पाणी. ती नाक मुरडते, ओरडते, फेंगडी चालते, गाल फुगवते. पहिल्यांदा पाहताना तिचा हा भडकपणा मला खटकला होता. दुसऱ्यांदा पाहताना उमगलं की या दोन अंगांच्या दोन वेगळ्या लयी आहेत. एक द्रुत, एक विलंबित. गल्लीतल्या त्या रात्री या दोन लयी एकमेकींना भेटतात आणि हळूहळू एक होतात.

आता त्या गल्लीत जाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे उजेडाची रेघ. भिंतीची सावली वाटेच्या मधोमध पडली आहे. एका बाजूला निळसर चांदणं, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख. साधारण मारामारीच्या प्रसंगात कॅमेरा आपल्याला सगळं दाखवायला धडपडतो: कोणी वार केला, कुठे लागला. इथे अर्धी लढाई आपल्यापासून लपवली आहे. दोघं उजेडात येतात, तीन-चार वार होतात, की काळोख त्यांना गिळतो. मग फक्त पात्यावर पात्याचा आवाज. कधी काळोखातून नुसतं पातं चमकून बाहेर येतं, कधी नुसता हात. आणि पुन्हा उजेडात आली की मघाशी ती जिथे होती तिथे आता तो असतो. मधल्या काळोखात जागांची अदलाबदल झाली, ती आपण पाहिलेली नाही, ऐकलेली आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. सुरुवातीला दोघांमध्ये तलवारीच्या लांबीएवढं अंतर आहे. त्याची तलवार लांब, तिच्या आखूड. म्हणून जिंकायचं तर तिलाच जवळ शिरावं लागणार. शस्त्रांचा हा हिशेब साधा आहे, पण त्यातून काय निघतं पाहा. ती जितकी नेटाने लढेल तितकी ती त्याच्या जवळ जाणार. कर्तव्य म्हणून टाकलेलं प्रत्येक पाऊल तिला त्याच्या श्वासाच्या टप्प्यात नेतं. मारण्याची वाट आणि मिठीची वाट एकच होऊन बसते. कोणत्याही संवादलेखकाने हे तिच्या तोंडी घातलं असतं तर ते बटबटीत झालं असतं. इथे ते दोन तलवारींच्या लांबीत सांगून झालं आहे.

तिसरी गोष्ट तालाची. या चित्रपटासाठी दोन्ही कलावंतांनी टँगो नाच शिकून घेतला होता, आणि तो त्यांच्या पावलांत दिसतो. टँगोत एक जण पाऊल पुढे टाकतो तेव्हा दुसऱ्याने मागे घ्यायचं असतं. एक जण नेतो आणि दुसरा त्याच्या इशाऱ्यावर जातो. त्या काळात ‘क्राउचिंग टायगर’ आणि ‘हीरो’ यांसारख्या चिनी तलवारपटांनी लढवय्यांना झाडांच्या शेंड्यांवर, पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवलं होतं. ली म्योंग-से यांचा भर उडण्यावर नाही, पावलांवर आहे. भुई सोडून गेलेली माणसं बघताना मन थक्क होतं. भुईवर एकमेकांची पावलं चुकवणारी माणसं बघताना मन गुंततं.

या चित्रपटात भूतखेत नाही, मंत्रतंत्र नाही. तरी मी त्याला अद्भुतातच धरीन, कारण काळ आणि वजन या दोन गोष्टी त्यात जगाच्या नियमाने चालत नाहीत. एक थेंब पडायला हवा तेवढा वेळ घेतो. अंगरख्याचा घेर वाऱ्यावर उघडतो तो मिटायचं नाव घेत नाही. नवरसांत अद्भुताचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे. विस्मय फक्त राक्षस पाहून होतो असं थोडंच आहे? ओळखीची गल्ली अनोळखी दिसली की तोही विस्मयच.

हा चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला तो आईबरोबर. आई कुडाळकडची. लग्न करून भांडुपला आली आणि इथेच राहिली, पण बोली तिने सोडली नाही. इंग्रजी उपशीर्षकं तिला वाचता येत नाहीत, म्हणून मी प्रेमाने बाजूला बसून प्रत्येक प्रसंग समजावून सांगू लागले: हा मंत्री, याच्या मनात बंड आहे, ही नाणी अशी, तो साचा तसा. दहा मिनिटांनी ती म्हणाली, “गजाल रवांदे गो. माका बघूक दी.” मालवणीत गजाल म्हणजे गोष्टही आणि नुसती बडबडही. मी गप्प झाले. मंत्र्याच्या वाड्यातली खलबतं सुरू झाली की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि तलवारींचा आवाज आला की परत येऊन बसायची. गल्लीचा प्रसंग सुरू झाला तेव्हा ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली आणि मधेच पुटपुटली, “ही दोघां लढतत काय नाचतत?”

तिच्या या प्रश्नामागे दशावतार होता. लहानपणी जत्रेत रात्रभर दशावतार बघायला जाताना ती आपल्या आईला सांगून झोपायची, “राक्षस इलो की माका उठय.” दशावताराचं आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं. लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं हे ठरलं की नट आपापलं बोलणं उभ्या उभ्या रचतात. एक बाकडं, मागे एक पडदा, पेटी, मृदंग, झांज. पहाटे दहीकाला होईपर्यंत खेळ चालतो आणि त्यात रसिक कधी डुलकी काढतो, कधी जागा होतो. तो जागा होतो ते युद्धनृत्यासाठी. तलवारी टेकवून दोन राजे गोल फिरू लागले, झांजेची लय चढू लागली की मंडपातली मुलंबाळंही उठून बसतात. पुढे काय होणार हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. बघायचं असतं ते कसं होतं.

कथा माहीत असणं आणि कथा कमकुवत असणं या मात्र निराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘ड्युएलिस्ट’चा खरा दोष इथेच सापडतो. दशावतारातला राजा आणि राक्षस पुराणातून येतात. त्यांच्यामागे शेकडो वर्षांचं ऐकणं उभं असतं, म्हणून नटाने एक भुवई उचलली तरी प्रेक्षक उरलेलं स्वतः भरून घेतो. या चित्रपटाने कथा नवी घेतली आणि वागणूक जुन्या कथेसारखी ठेवली. मंत्र्याला बंड का करायचं आहे? खोट्या नाण्यांतून तो नेमकं काय साधणार? त्याने त्या मारेकरी मुलाला कसं वाढवलं, आणि त्या मुलाला त्याच्याबद्दल काय वाटतं? हे प्रेक्षकाला ठाऊक नसतं आणि चित्रपट ते घाईघाईने तोंडी सांगून मोकळा होतो. आपण भरून घ्यावं असं आपल्याजवळ काही नसतं. म्हणून वाड्यातले प्रसंग कोरडे वाटतात. आनच्या भूमिकेत आन सुंग-गी यांच्यासारखा कसलेला नट हाताशी असूनही चौकीतले विनोदी प्रसंग लांबतात आणि आरडाओरड्यावर येतात; गल्लीतून आलेलं मन एकदम तमाशाच्या बतावणीत पडावं तसा रसभंग होतो. आणि मधला बराच वेळ चित्रपट एकाच ठिकाणी फेर धरतो. नामसूनची ओढाताण पहिल्या दृष्टादृष्टीत जेवढी होती तेवढीच शेवटी आहे. ती खोल जात नाही, नुसती पुन्हा पुन्हा येते.

उत्तम चित्र आणि उत्तम कथा एकत्र नांदू शकतात, हे आपण ‘तुंबाड’मध्ये पाहिलं आहे. २०१८ च्या त्या चित्रपटात अखंड कोसळणारा पाऊस, वाड्याचं तळघर, लाल माती यांतली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना जेवढी धरून ठेवते तेवढीच लोभाच्या कथेला पुढे नेते. पाऊस काढून टाकला तर कथा पडेल. ‘ड्युएलिस्ट’मधून नाण्यांचं प्रकरण काढून टाकलं तर बाजाराचा तो एक प्रसंग वगळता फारसं काही पडत नाही. एवढा मोठा फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा.

दुसरीकडे आपल्याच शांतारामबापूंचा ‘झनक झनक पायल बाजे’ आहे, १९५५ चा. त्याची कथा काय होती असं आज विचारलं तर जुनेजाणतेही एका वाक्यात आटोपतील. गोपीकृष्णांचा नाच आणि पडद्यावर ओतलेला रंग मात्र ते तासभर सांगतील. आपल्या आजीआजोबांनी तो चित्रपट पाहिला तेव्हा रंगीत पडदा हाच एक सोहळा होता आणि त्या सोहळ्याची त्यांना लाज वाटत नव्हती. डोळ्यांचं सुख हे हलकं सुख, कथेचं सुख ते वजनदार, ही उतरंड आपण पुढे कधीतरी मनात लावून घेतली. भांडुपच्या पूर्वेला पंपिंग स्टेशनच्या बाजूने खाडीवर गेलं की थंडीत आणि उन्हाळ्यात चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले दिसतात. एक थवा उठतो, पंखांचा आतला लाल रंग एकदम उघडतो आणि मिटतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला कथेची उणीव भासत नाही, आणि घरी परतताना तो रिकाम्या हाताने आलो असंही म्हणत नाही.

डोळ्यांचं सुख की कथेचं, हा प्रश्न भाषा न कळणाऱ्या चित्रपटात आणखी कठीण होतो. उपशीर्षकं वाचणारा डोळा सारखा पडद्याच्या तळाशी खिळलेला असतो. ओळ वाचून वर येईपर्यंत हालचाल होऊन गेलेली असते. मी पहिल्यांदा हा चित्रपट असाच वाचला, आणि वाचायला त्यात खरंच फार थोडं होतं. आता शाळा-कॉलेजातल्या कितीतरी मुली कोरियन मालिका बघत असतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ‘ड्युएलिस्ट’ एकदा अक्षरं बंद करून पाहा. गोष्ट सुटेल. पण दोन माणसांमधलं अंतर किती आहे आणि ते कसं बदलतं, हे एकदाही सुटणार नाही.

शेवटाकडे बर्फ पडतो. तीच दोघं, पुन्हा गल्ली, पुन्हा तलवारी. पण आता काळोखाची जागा पांढऱ्याने घेतली आहे. चांदण्यातल्या लढाईत जे लपलं होतं ते इथे उघड आहे, आणि तरीही जे दिसतं आहे ते खरंच घडतं आहे की कोणाच्या तरी मनात, हे दिग्दर्शक सांगत नाही. तर्काने पाहिलं तर हा प्रसंग गोष्टीत बसवणं अवघड आहे. भावनेने पाहिलं तर तो अटळ आहे, कारण या दोघांना भेटायला दुसरी जागाच दिलेली नाही. जगण्यात एकत्र येणं शक्य नव्हतं, म्हणून लढण्यात येतात. इथे हालचालीतला राग पुरता निवळलेला आहे. वार होतात ते एकमेकांना स्पर्श करण्याची परवानगी मागावी तसे.

नाणं खरं की खोटं हे ओळखायला जुने सराफ ते दगडावर आपटून कान देत. या चित्रपटाचं तसंच करावं असं मला वाटतं. बंडाची, मंत्र्याची, टांकसाळीची बाजू आपटून पाहिली तर आवाज बद्द येतो. पात्यांची बाजू आपटली तर नाद कितीतरी वेळ कानात राहतो. एकाच नाण्यात दोन धातू मिसळले आहेत, आणि पारख्याने दोन्ही आवाज ऐकून मगच मोल सांगावं.

आईने मोल सांगितलं नाही. पण गल्लीचा तो प्रसंग चालू असताना मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते. दोघं काळोखात शिरली, पडदा काळा झाला, नुसता पावलांचा आणि पात्यांचा आवाज येत राहिला, तेव्हा तिने मान किंचित तिरकी केली आणि श्वास धरून ती पुढच्या उजेडाच्या तुकड्याकडे बघत राहिली. बाबांची दुसरी पाळी असली की रात्री साडेअकराला आमच्या दारात ती अशीच उभी असायची.